दालनामागची खोली: कोकणात आधुनिक चित्रं आणि डिझाइनच्या वस्तू सांभाळण्याची रीत

संग्रहालयात लोकांना दिसतं ते दालन. त्याच्या मागे असते साठ्याची खोली, आणि संग्रह टिकणार की सडणार हे तिथेच ठरतं. मुंबईच्या वर्षभर वातानुकूलित दालनांचे नियम मालवण, गुहागर किंवा श्रीवर्धनला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. इथे पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो, वारा खारा असतो, भिंती जांभ्याच्या असतात आणि वीज हमखास नको तेव्हा जाते. म्हणून कोकणातल्या छोट्या संग्रहालयाने पहिला खर्च दालनाच्या दिव्यांवर न करता मागच्या खोलीच्या हवेवर करावा, हा या लेखाचा आग्रह आहे.

खोली निवडणं

खोली घराच्या पोटातली हवी, म्हणजे निदान तीन बाजूंना दुसऱ्या खोल्या असाव्यात. नैर्ऋत्येची भिंत टाळा, कारण पावसाचा मारा तिथे सगळ्यात जास्त असतो आणि उघडा चिरा पाणी पितो. वर कौलं नकोत, स्लॅब हवा. वरच्या मजल्यावर नेमकं त्याच जागी न्हाणीघर किंवा पाण्याची टाकी नको. तळमजला शक्यतो नकोच. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये पाणी कुठपर्यंत चढलं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना याचं कारण सांगावं लागणार नाही.

खोलीला खिडकी असेल तर ती कायमची बंद करा. कोकणात सगळ्यांचा ओढा ‘जरा वारा खेळू दे’ याकडे असतो. राहत्या घरासाठी ते योग्यच, पण साठ्याच्या खोलीत जुलैचा वारा म्हणजे पाणी. दाराच्या चौकटीला रबरी गॅस्केट आणि खाली ब्रशची पट्टी लावा. वायरी आणि पाइप जिथून भिंतीत शिरतात ती भोकं सिलिकॉनने बुजवा. आतल्या लादीवर ओलं फडकं फिरवायचं नाही, व्हॅक्युम क्लीनर वापरायचा. छत्र्या, रेनकोट आणि ओल्या चपला पडवीतच राहतील.

हवेचा हिशेब

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र, विकणारा खोलीचे चौरस फूट विचारतो. खरा प्रश्न असतो, दिवसात किती पाणी आत येतं?

30 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण 26 ग्रॅम पाणी असतं. आपल्याला खोलीत 25 अंश आणि 55 टक्के हवे असतील, तर त्या हवेत मावतं 13 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाहेरून शिरलेल्या प्रत्येक घनमीटरमागे 13 ग्रॅम पाणी काढून टाकायचं आहे. 5 बाय 4 मीटर आणि 3 मीटर उंचीची खोली 60 घनमीटरची. तिची सगळी हवा एकदा बदलली की पाऊण लिटरहून जास्त पाणी आत येतं. दर दोन तासांनी हवा बदलत असेल तर दिवसाला साडेनऊ लिटर होतात. माणसांचा श्वास आणि भिंतींची ओल धरून बारा लिटर समजा. गॅस्केट लावल्यावर हवा बदलण्याचा वेग निम्मा झाला, तर यंत्राचं कामही जवळपास निम्मं होतं. दोनशे रुपयांची रबरी पट्टी काय करते ते यावरून कळेल.

डीह्युमिडिफायरवर लिहिलेले लिटर बहुधा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. थंड आणि कोरड्या खोलीत तेच यंत्र निम्म्याच्या आसपास पाणी काढतं. त्यामुळे बारा लिटर हवे असतील तर 24 ते 30 लिटर क्षमता घ्या, आणि एका मोठ्या यंत्राऐवजी दोन लहान घ्या. एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं. बादलीच्या भरवशावर राहू नका. बादली मध्यरात्री भरते आणि यंत्र सकाळपर्यंत गप्प बसतं. मागच्या नळीला उतार देऊन पाणी थेट बाहेर सोडा. फिल्टर पावसाळ्यात दर आठवड्याला धुवून, पूर्ण वाळवून परत बसवा. खाऱ्या हवेत तो फार लवकर चिकट होतो.

नुसत्या एसीने काम भागत नाही. एसी हवा थंड करतो, पण खोली गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालू राहतो आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत जातं. त्याहून वाईट सवय म्हणजे संध्याकाळी कार्यालय सुटताना एसी बंद करणं. दिवसभर 22 अंशांवर राहिलेली चित्रं आणि भिंती रात्री दमट हवेला सामोऱ्या जातात. 30 अंश आणि 85 टक्के हवेचा दवबिंदू 27 अंशांच्या थोडा वर असतो, त्यामुळे त्याहून गार असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरतं. असा एसी असण्यापेक्षा नसलेला बरा. डीह्युमिडिफायर चोवीस तास चालू ठेवा. त्याने खोली तापते, म्हणून एसी 25 अंशांवर जोडीला लावा.

आकड्यांचा हट्ट किती धरायचा? जगातल्या बऱ्याच मोठ्या संग्रहालयांनी आता 40 ते 60 टक्के आर्द्रता आणि 16 ते 25 अंश तापमान, दिवसात 10 टक्क्यांहून जास्त चढउतार नको, असा सैल पट्टा मान्य केला आहे. कोकणात जुलै महिन्यात 58-60 टक्के स्थिर राहिले तरी काम उत्तम झालं समजा. 65 च्या वर दिवसेंदिवस राहिलं की बुरशीला आमंत्रण. 50 चा हट्ट धरून दर वीजकपातीला 80 वर उडी मारणाऱ्या खोलीपेक्षा 60 वर थांबलेली खोली चित्रांना मानवते.

आर्द्रतामापक दोन हवेत, एक खोलीच्या मध्ये आणि दुसरा बाहेरच्या भिंतीजवळ जमिनीलगत. बुरशी दुसऱ्याच्या बाजूने सुरू होते. मेअखेरीस दोन्ही तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं भिजवा, झिपच्या पिशवीत मापकाशेजारी ठेवा आणि पिशवी बंद करून बारा तास हात लावू नका. आकडा 75 यायला हवा. 79 आला तर मापक 4 जास्त दाखवतो. तसं स्टिकरवर लिहून त्याच्या पाठीवर चिकटवा.

वस्तू दारात आली की

नवी वस्तू थेट साठ्यात न्यायची नाही. आधी वेगळ्या खोलीत दोन आठवडे, पांढऱ्या किंवा काळ्या कागदावर. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी, जुन्या फ्रेमा, लाकडी पाट यांच्याखाली ताजी भुकटी पडली की आत किडा जिवंत आहे. भुकटी पाहिली की आधी कागद बदला, तारीख टाका आणि आठवडाभराने पुन्हा बघा. जुनी भुकटी हालवाहालवीतही पडते. फ्रेमच्या मागच्या बाजूला कुंभारमाशीचं मातीचं घर, पालीची अंडी आणि झुरळांची विष्ठा शोधा. पालीची विष्ठा रंगावर राहिली तर कायमचा डाग पाडते.

मग स्थितीपत्रक. पुढून, मागून आणि तिरप्या उजेडात असे तीन फोटो काढा. तिरप्या उजेडासाठी खोलीत अंधार करून टॉर्च चित्राच्या कडेला, कॅनव्हासला जवळपास समांतर धरायचा. उचललेले पापुद्रे, खळगे, ताण सुटलेला कॅनव्हास सगळं सावल्यांनी उठून दिसतं. पत्रकात ‘थोडं खराब’ असं लिहू नका. ‘खालच्या डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे 12 सेंमीवर 3 सेंमीचा तडा, रंग सुटलेला नाही’ असं लिहा. पुढच्या वर्षी तडा वाढला का, हे अशा नोंदीशिवाय कळणार नाही.

क्रमांक साधा ठेवा. 2025.14.3 म्हणजे 2025 साली आलेल्या चौदाव्या संचातली तिसरी वस्तू. कागदाच्या मागे तो मऊ पेन्सिलीने, कठीण पृष्ठभागावर पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक, नंतर काढता येणाऱ्या राळेचा पातळ थर देऊन त्यावर, कापडावर सुती फितीवर लिहून टाक्याने. बॉलपेन आणि चिकटपट्टी दोन्ही बाद. नोंदवही हाताने ठेवाच, शिवाय पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी केलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली पाहून घ्या.

देणगीपत्रात एक ओळ विसरू नका, स्वामित्वहक्काची. चित्र तुमच्या ताब्यात आलं म्हणजे ते कपांवर आणि कॅलेंडरांवर छापायचा हक्क आला असं नाही. 1957 च्या कायद्याने चित्राचा हक्क चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं राहतो. तो लेखी घ्या, निदान कॅटलॉग आणि पोस्टरपुरता.

कोणती वस्तू कुठे

कॅनव्हास उभे, कप्प्यांच्या रॅकमध्ये, बाहेरच्या भिंतीपासून 30 सेंमी दूर, जमिनीपासून 15 सेंमी वर. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो आणि कुणीतरी कोपऱ्यातल्या पाचरी ठोकून तो ताणतो. जानेवारीत हवा सुकली की कॅनव्हासवरचा सरसाचा थर आकसतो, ताण दुपटीने जाणवतो आणि रंगाला तडे जातात. पाचरींना जुलैत हात लावू नका. इनॅमल रंगातल्या कामांना हे विशेष लागू. चित्रकार प्रभाकर बरवे हे मूळचे अलिबागजवळच्या नागावचे, आणि त्यांच्या कॅनव्हासवर इनॅमल रंग मोठ्या प्रमाणात आहे. इनॅमल वर्षानुवर्षं कडक होत जातो आणि हलणाऱ्या कापडाबरोबर तो वाकत नाही.

अॅक्रिलिक याच्या उलट वागतो. तो कोकणच्या साध्या तापमानालाच मऊ असतो. त्याच्यावर बबलरॅप टेकला तर गोल वळ कायमचे उमटतात, धूळ पृष्ठभागात रुतते, दोन चित्रं समोरासमोर ठेवली तर चिकटतात. त्याच्या रंगाला काही टेकवायचंच असेल तर सिलिकॉनचा लेप असलेला कागद, नाहीतर चारी कडांना फोमच्या पट्ट्या लावून मधे हवा ठेवा.

पिंगुळीच्या चित्रकथीचे कागद, पोस्टर, रेखाटनं आडवी, उथळ ड्रॉवरमध्ये, आम्लमुक्त फोल्डरात. वर्तमानपत्रात गुंडाळणं म्हणजे आम्लात गुंडाळणं. दशावतारी गंजिफाचा संच पुरा असेल तर 120 पत्ते असतात. ते एकावर एक रचले की लाखेचे थर उष्णतेत एकमेकांना धरतात, म्हणून प्रत्येक दोन पत्त्यांत कागद घाला आणि गठ्ठे लहान ठेवा.

आता डिझाइनच्या वस्तू. इथे लोकांची सगळ्यात मोठी फसगत होते, कारण प्लास्टिक सडत नाही असा समज आहे. प्लास्टिक सडतं, आणि शेजाऱ्यालाही सडवतं. जुन्या सेल्युलोज नायट्रेटच्या फण्या आणि चष्म्याच्या फ्रेमा आम्ल वायू सोडतात. अॅसिटेटच्या फिल्मला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. ही दोन्ही बंद डब्यात नकोत, खेळत्या हवेत आणि धातू-कापडापासून दूर हवीत. पॉलियुरेथेन फोमची गादी असलेली साठच्या दशकातली खुर्ची दमट हवेत भुगा होते, त्यातही पॉलिएस्टर जातीचा फोम लवकर जातो, कारण त्याला पाणीच तोडतं. अशा फोमवर बोट दाबून बघण्याचा मोह आवरा. दबलेली जागा परत वर येत नाही.

मऊ पीव्हीसीची गोष्ट निराळी. त्यातलं मऊपणा आणणारं तेल हळूहळू पृष्ठभागावर येतं. जुनी व्हिनाइलची हँडबॅग किंवा रेडिओची वायर थर्मोकोलच्या खाचेत ठेवून वर्षाने उघडा. थर्मोकोल वितळून वायरीचा आकार त्यात कोरला गेलेला असतो आणि वायरीवर चिकट पांढरा थर. पीव्हीसीला पॉलिथीनच्या पिशवीतही ठेवू नका, पॉलिएस्टर फिल्म वापरा. रेडिओ, टॉर्च, खेळण्यांतले सेल आधी काढा. एक गळलेला सेल अख्खं यंत्र खातो.

धातूंसाठी खारी हवा वेगळाच शत्रू. हवेतलं मीठ 75 टक्क्यांच्या वर पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि मग पितळेवर, काशावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उठतात. असे ठिपके दिसले तर वस्तू सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात 40 टक्क्यांच्या खाली ठेवा. सुकं जेल आर्द्रता फार खाली नेतं, म्हणून मापक डब्यातच ठेवायचा. काचेच्या पेटीत 50-55 टक्के स्थिर ठेवायचे असतील तर आधी त्या आर्द्रतेला मुरवलेलं साधं जेल घनमीटरला 20 किलो लागतं. 0.1 घनमीटरच्या पेटीत दोन किलो झालं. डबा सुका करण्यासाठी जेल ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर कोरडं करून घेता येतं.

डांबरगोळ्या कपाटातून काढून टाका. त्यांची वाफ प्लास्टिकला मऊ करते आणि गार पृष्ठभागावर खडे होऊन जमते. कडुलिंबाचा ओला पाला तर ओलच आणतो. लाकडात किडा असेल आणि लाख किंवा रंग नसेल, तर वस्तू जाड पॉलिथीनमध्ये हवा काढून सीलबंद करा आणि उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही, नाहीतर थंड लाकडावर पाणी धरतं. रंगवलेलं कॅनव्हास, लाखकाम, अॅक्रिलिक यांना गोठवायचं नाही. त्यांच्यासाठी ऑक्सिजन काढलेल्या पिशव्यांची पद्धत आहे. ते काम तज्ज्ञाकडून करून घ्या.

टांगणं

चित्राचा मध्य जमिनीपासून 150 सेंमी. खिळ्याची उंची काढायची ती अशी: 150 मध्ये चित्राच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा, आणि ताणलेल्या तारेपासून फ्रेमच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर वजा करा. 90 सेंमी उंच चित्र, तार वरून 8 सेंमी खाली, म्हणजे 150 + 45 − 8 = 187 सेंमी. तार सैल असताना मोजली तर चित्र ठरवल्यापेक्षा खाली येतं. नेहमीची चूक हीच.

जांभ्याच्या भिंतीत नुसता रावळप्लग धरत नाही. चिरा भुसभुशीत होऊन गळतो. छोट्या संग्रहालयाला सोयीचं म्हणजे दालनात 19 मिमी प्लायची खोटी भिंत, अॅल्युमिनियमच्या चौकटीवर, मागे 50 मिमी हवा खेळती ठेवून. प्लाय वाळवीरोधक घ्या, आणि ताजा असेल तर महिनाभर उघडा ठेवून वास जाऊ द्या. स्क्रू, डी-रिंग, हुक सगळे 316 दर्जाच्या स्टेनलेसचे. 304 समुद्रकाठी तांबूस डाग देतो. प्रत्येक चित्राला दोन हुक, आणि हुकांची ताकद वजनाच्या चौपट.

फ्रेमच्या मागे सनपॅक शीट (पन्हळी प्लास्टिकचा पुठ्ठा) स्क्रूने बसवा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बुचाच्या दोन सेंमी जाडीच्या चकत्या चिकटवा. चित्र भिंतीपासून सुटं राहतं, हवा फिरते आणि बुरशीची हक्काची जागा जाते. कोळशाच्या किंवा पेस्टलच्या कामावर अॅक्रिलिकची शीट लावू नका, तिची स्थिर वीज रंग ओढून घेते. तिथे लॅमिनेटेड काच.

उजेडाबद्दल थोडक्यात: कागद आणि कापडाला 50 लक्स (उजेड मोजायचं एकक), तैलरंगाला 200. कागद 50 लक्सवर रोज 8 तास, 300 दिवस राहिला तर 1 लाख 20 हजार लक्सतास खातो, आणि रंग उडाला की तो परत येत नाही. म्हणून कागदावरची कामं तीन-चार महिन्यांनी बदला आणि नंतर निदान वर्षभर अंधारात ठेवा.

आगोटीची कामं

एप्रिलमध्ये पन्हळी, कौलं आणि गच्चीचे उतार साफ. बाहेरच्या भिंतींना पावसाच्या बाजूने झापं किंवा पत्रा. मे महिन्याच्या मध्यापर्यंत उसनी दिलेली सगळी चित्रं परत. मिरगापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कॅनव्हास इमारतीबाहेर न्यायचा नाही. नेणं भागच असेल तर आतल्या हवेतच पॉलिथीनमध्ये सील करून न्यायचं आणि पोहोचल्यावर 24 तास बंद ठेवायचं. जनरेटरला निदान दोन डीह्युमिडिफायर पेलले पाहिजेत, हे प्रत्यक्ष चालवून बघा. ऑक्टोबरात बाहेरची हवा एकदम सुकते तेव्हा यंत्राचा आकडा आठवड्याला दोन टक्क्यांनीच खाली आणा.

पावसाळ्यात दर सोमवारी टॉर्च घेऊन एक फेरी: फ्रेमांच्या पाठी, खालचा कप्पा, दाराचा कोपरा. बुरशी दिसलीच तर लगेच पुसू नका आणि उन्हात तर मुळीच टाकू नका. ओली बुरशी पुसली की ती रंगात घासली जाते. वस्तू वेगळी करा, एन-95 मास्क लावा, त्या खोलीची आर्द्रता 50 च्या खाली आणा आणि बुरशी कोरडी भुकटी होईपर्यंत थांबा. मग मऊ ब्रशने उचलून हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरच्या व्हॅक्युमच्या तोंडात ढकला. तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं असू दे. रंगाच्या पृष्ठभागावर हेही करू नका. तिथे फोटो काढून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयाच्या जतन केंद्रासारख्या ठिकाणी विचारा.

शेवटची तयारी पाणी शिरण्याची. 3 जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 चं तौक्ते या वादळांनी पत्रे आणि वीज दोन्ही नेले. एका मोठ्या प्लास्टिक डब्यात जाड पॉलिथीनचा रोल, टीपकागद, टॉर्च, हातमोजे, मार्कर, झिपच्या पिशव्या भरून दाराशी ठेवा. त्याच्या झाकणावर आधी उचलायच्या दहा वस्तूंची यादी, कपाटाच्या क्रमांकासह. भिजलेल्या कागदावर 48 तासांत बुरशी येऊ लागते, आणि शंभर कागद तेवढ्या वेळात वाळवता येत नाहीत. ते ओलेच पिशव्यांत घालून गोठवायचे, नंतर सवडीने वाळवायचे. रत्नागिरी-मालवणकडे मासळी गोठवणारे शीतगृहवाले आहेत. मे महिन्यातच त्यांच्यापैकी एकाशी बोलून ठेवा, खोक्यांचा आकार आणि तापमान ठरवा. कागद मासळीच्या खोक्यांपासून वेगळ्या रॅकवर, दुहेरी पिशवीत आणि उणे 18 किंवा त्याखाली राहिले पाहिजेत. त्यांचा आणि स्वतःचा पर्यायी फोन क्रमांक त्या डब्याच्या झाकणावर मार्करने लिहा, कारण वादळात वीज जाऊन मोबाइलची बॅटरी संपली तर त्यातून नंबर काढणंही जमत नाही.